हात न पोचणाऱ्या जागेचा पंचनामा

या सगळ्या खटाटोपातून रामप्रसाद सरांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधीच सांगितलेलं बरं. एक खुर्ची. तीही कायमची नाही, साधारण दोन तासांपुरती. केदारखेड्याच्या शाळेसमोर घातलेल्या मांडवात, पुढच्या रांगेत, अगदी मधोमध. लाल प्लॅस्टिकची, पाठीवर मंडपवाल्याचं नाव रंगवलेली. अशा खुर्च्यांवर सर उभ्या जन्मात शेकडो वेळा बसले होते. पण या खुर्चीच्या बाजूच्या खुर्चीवर त्यांचा साडू पुंजाराम बसणार होता. बाजूच्या. मधल्या नाही. एवढ्यासाठी सरांनी चार महिने आणि एक चपलांचा जोड झिजवला.

केदारखेडा ही सरांची सासुरवाडी. थोरली लेक दैवशाला सरांना दिलेली, धाकटी उषा पुंजारामला. रीतीनं पाहिलं तर पहिला टिळा, पहिली टोपी आणि पहिलं ताट थोरल्या जावयाचं. सुरुवातीची काही वर्षं ते तसं चाललंही. मग पुंजारामनं जालन्याला ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं, दुकानानंतर पांढरी गाडी घेतली, आणि ती गाडी गावातल्या पारापाशी थांबली की बसलेली माणसं उठून उभी राहायला लागली. सर बदनापूरहून एसटीनं यायचे, खांद्याला पिशवी अडकवून. त्यांच्यासाठीही माणसं उठायची, पण आधी पाय सोडवून, लुंगी सावरून, मग. मागल्या वर्षी मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. पहिला टिळा पुंजारामला लागला, दुसरा गडबडीत पुंजारामच्या ड्रायव्हरला, आणि तिसरा सरांना. सरांनी तो टिळा घरी आल्या आल्या धुतला. गोष्ट मात्र तशीच राहू दिली.

अशात त्यांची जुनी विद्यार्थिनी अर्पिता दारात उभी राहिली. ती आता जालन्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. तिनं एक काम काढलं होतं: या भागात माणूस आपल्या अंगाला काय काय म्हणतो ते सगळं गोळा करायचं. पुस्तकातलं मस्तक, ग्रीवा आणि उदर नको. भांडणात, शेतात आणि डॉक्टरसमोर तोंडातून जे निघतं ते. टकुरं, थोबाड, नरडं, बखोट, पेकाट, तंगडं, आणि खाली बसायला लागतं तेसुद्धा. तिनं छापील तक्ते आणले होते. रकाने पाच. शब्द कोणता, नेमका अवयव कोणता, कोण म्हणतं, कधी म्हणतं. आणि शेवटचा, शब्द कुठून आला. त्याखाली बारीक अक्षरात, 'माहीत नसल्यास कोरे ठेवावे'.

ते शेवटचं तिनं तोंडानंही सांगितलं. जांघेचं उदाहरण दिलं. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्याखालची नळी. मराठीत येईस्तोवर ती गुडघा ओलांडून वर चढली. कमर आणि गर्दन फारसीतून आल्या, कोपर कूर्परावरून आलं. "पण इतकं सरळ प्रत्येकाचं सापडत नाही, सर," ती म्हणाली. "घरचे, रांगडे शब्द असतात त्यांचं तर फारच कमी सापडतं. मोठमोठ्यांनीही तिथं हात टेकलेत. कोरं राहिलं तर राहू द्या."

सरांनी मान हलवली. पण चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या माणसाला 'कोरं राहू द्या' हे वाक्य समजत नाही. पट कमी भरला तर चालतो, पोरगं नापास झालं तर चालतं. रकाना कोरा राहिला तर नोटीस येते. एकदा तपासणीत 'शेरा' या रकान्यात काही न लिहिल्याबद्दल सरांकडून लेखी खुलासा मागवला होता, आणि तेव्हापासून ते 'शेरा' या रकान्यात 'शेरा नाही' असं लिहीत आले होते. घरी बसून त्यांनी अर्पिताच्या तक्त्यांवर क्रमांक टाकले आणि पट्टीनं आखून आणखी दोन रकाने वाढवले. पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन. दोन सह्या नसलेली गोष्ट घडलेली असू शकते यावर त्यांचा विश्वास नव्हता.

छापण्याआधी सगळे शब्द गावासमोर वाचून दाखवायचे, गावाची हरकत नाही ना ते विचारायचं, असं अर्पिताच्या मनात होतं. कोणत्या गावात, हे तिनं सरांवर सोडलं. सरांना ती लाल खुर्ची दिसली ती या क्षणी.

दैवशालाबाईंनी ज्वारी निवडता निवडता एवढंच सांगितलं, "कुठंबी जा, पर माझ्या माहेरात विचारू नका. तिथं जावयाला न्हाई म्हणत नसतेत."

सरांना ते कौतुक वाटलं.

बाईंचं म्हणणं असं होतं की, केदारखेड्यात जावई एका घराचा नसतो, सगळ्या गावाचा असतो. जावयानं पाणी मागितलं तर चहा येतो, चहा मागितला तर पोहे येतात. आणि जावयानं काही विचारलं, तर 'माहीत न्हाई' म्हणून त्याला तसाच वाटेला लावणं म्हणजे दारातून रिकाम्या हातानं परत पाठवणं. तो अपमान गावाचा. तेव्हा एकीकडं रकाना कोरा ठेवता न येणारा माणूस आणि दुसरीकडं त्याला रिकामा पाठवता न येणारं गाव, अशी ती गाठ पडली.

पहिला तक्ता भरला चुलत सासूच्या ओसरीवर. गोजरबाई म्हणजे वरच्या आळीचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खणखणीत माणूस. सरांनी विचारलं, मनगट हा शब्द कुठून आला. गोजरबाईंनी सुपारी कातरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच घेतला. त्यांचे आजेसासरे निजामाच्या वक्ताला भोकरदनला कुस्तीला गेल्ते; समोरच्या पैलवानानं त्यांचा हात धरून पिळायला घेतला; सगळं पिळलं, एवढंच न्हाई पिळलं. मंग हे न पिळलेलं काय हाय, असं लोक विचारायला लागले, तवा त्याला नाव पाडावं लागलं. त्याआधी मनगटाला काय म्हणायचे, असं सरांनी विचारलं. गोजरबाई म्हणाल्या, "काहीच न्हाई. गरजच न्हाई पडल्ती."

हे तर्कशास्त्र सरांना पटलं. वस्तू आधी, गरज मग, शब्द त्यानंतर. त्यांनी लिहून घेतलं, भावकीतल्या दोघांनी पंच म्हणून अंगठे दिले, आणि गोजरबाईंचा पुढचा शब्द स्वतःहून आला. ढुंगण. हा शब्द खालच्या आळीत, कडूबाच्या घरात जन्मला. कडूबाचा पणजा लगीनसराईत बैलगाडीतून पडला आणि तीन महिने बसू शकला नाही. गाव मायाळू. रोज सकाळ-संध्याकाळ जो तो दारावर जाऊन विचारणार, आता कसं हाय. काय कसं हाय, ते म्हणायला शब्द नव्हता. तीन महिने हातानं दाखवून दाखवून लोक थकले, मग एकानं शब्द काढला. पुन्हा दोन पंच, दोन अंगठे.

खालच्या आळीत कडूबा वाटच पाहत बसला होता. वरच्या आळीत दाजी तासभर बसले, चहा दोनदा झाला, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली. वर काय लिहिलं गेलं ते काही त्याला ठाऊक नव्हतं. पण वरच्या आळीत जे झालं ते आपल्याकडं दीडपट व्हावं, हा चाळीस वर्षांचा नियम होता. त्या दोन आळ्यांचं एका बांधावरून वाजलेलं. बांध पुढं रस्त्यात गेला, भांडण राहिलं. कडूबानं छाती आपल्या आज्याच्या नावावर लावून घेतली आणि नरडं गोजरबाईंच्या सासूला दिलं. म्हातारी विहिरीवरून हाक मारी ती पलीकडच्या शिवारात ऐकू जाई. आवाज कुठून येतो म्हणून माणसं शोधत आल्ती. शोधता शोधता जे सापडलं ते नरडं.

महिन्याभरात हे काम इतकं रंगलं की सरांना विचारावं लागेना. ते एसटीतून उतरले की कुणीतरी म्हणे, दाजी, पेकाट लिहून झालं का, आमच्याकडं एक हाय. वरच्या आळीनं थोबाड, टिरी आणि फेंगडे पाय खाली पाठवले. खालच्या आळीनं जीभ, नकटं नाक आणि बोडकं वर पाठवलं. चांगले अवयव ज्यानं त्यानं घरात ठेवले. पंचांचा प्रश्न तर फारच सोपा झाला. आळीतली माणसं एकमेकांना सांगत, तू माझ्या दंडाला अंगठा दे, मी तुझ्या पोटरीला सही देतो. सरांना हे दिसत होतं. पण दोन सह्या म्हणजे दोन सह्या. शिवाय कागद जाणार जालन्याला. गावात वाचताना सर त्यातले निवडक दहा वाचणार होते: पाच वरच्या आळीची मनगटं, पाच खालच्या आळीच्या छात्या.

एकच माणूस या कामात सरांना भेटला आणि सरांना त्याचा राग आला. एसटी थांब्याच्या मागं महेमूदभाईंचं घर. तीन पिढ्या निखळलेली हाडं बसवणारं घराणं. आसपासच्या दहा गावांची मनगटं, घोटे आणि खुबे त्यांच्या हाताखालून गेलेले. शब्द त्यांच्याकडं भरपूर होते, आणि कोणता शब्द कोणत्या हाडाचा हे ते सरांच्याच अंगावर बोट ठेवून दाखवत होते. नडगी इथून इथपर्यंत. घोटा हा. पोटरी ही. पण कुठून आला म्हटलं की, "मालूम न्हाई, सर."

पोटरीपाशी ते जरा थांबले. ज्वारी पोटऱ्यात येते, कणीस अजून आतच असतं, तेव्हा तिचं ताट वरच्या अंगाला असंच फुगतं, हाताला तसंच लागतं, असं म्हणाले. सरांनी पेन उचलला. म्हणजे ज्वारीवरून आला असं लिहू का. महेमूदभाईंनी पोटरी सोडली. "ते मला कसं मालूम? पायावरून ज्वारीला गेला असंल. मी सारखं लागतं म्हणलं, तिथून आला न्हाई म्हणलो."

एकतीस शब्द झाले, एकतीस वेळा मालूम न्हाई. त्यावर महेमूदभाईंनी बत्तिसावी गोष्ट काढली. म्हणाले, एक जागा अशी आहे की जिला शब्दच नाही. पाठीवर, खांद्याच्या मागच्या दोन पसरट हाडांच्या मधोमध. वरून हात घाला, पोचत नाही. खालून घाला, पोचत नाही. लोक येतात आणि म्हणतात, चाचा, इथं दुखतं. इथं म्हणजे कुठं, तर त्यांना दाखवताही येत नाही आणि सांगताही येत नाही. सरांनी त्या जागेचा तक्ता मुकाट्यानं घेतला, अवयवाची माहिती लिहिली, आणि बाकी कोरा राहिलेला तो एकमेव कागद त्यांनी महेमूदभाईंच्या एकतीस कागदांसकट गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. फाडला असता, पण त्यावर क्रमांक पडला होता.

आता सरांचा स्वतःचा गुन्हा. एका संध्याकाळी पारावर कुणीतरी ढेरीचं काढलं आणि ढेरी पुंजारामवरून आली म्हणालं. पुंजाराम दोन्ही आळ्यांचा जावई, त्यामुळं बांधाची अडचण नव्हती. सगळा पार हसला आणि सगळा पार पंच व्हायला तयार झाला. खरं तर ढेरी हा शब्द सरांनी स्वतः चौथीत असताना गुरुजींच्या पाठीमागं वापरला होता, त्या वेळी पुंजाराम पाळण्यात होता. हे सरांना चांगलं आठवत होतं. ते आठवत असतानाच त्यांनी तक्ता भरला. दोन पंचांच्या रकान्यात अकरा सह्या मावेनात, तेव्हा परीक्षेत जोडतात तशी पुरवणी जोडून दोऱ्यानं बांधली. एवढ्या सुबक अक्षरात सरांनी निवृत्तीनंतर काहीच लिहिलं नव्हतं.

वाचनाचा रविवार ठरला. मांडव सरांनी ठरवला, खुर्च्यांचा क्रम सरांनी ठरवला, मधली खुर्ची स्वतः एकदा बसून पाहिली. फक्त एक गोष्ट त्यांच्या हातची नव्हती. गाव जेवू घालायचं ठरलं, आणि जेवण कोण देणार म्हटल्यावर गावानं परस्पर पुंजारामला फोन केला. त्यामुळं प्रमुख पाहुणा तोच झाला. तरी सर सुखात होते. पाहुणा असला तरी खुर्ची बाजूचीच.

पांढरी गाडी आली, दार उघडलं, आणि ढेरीच्या पंचनाम्यात लिहिलं होतं त्याच क्रमानं सगळं उतरलं. मांडवात दोन-चार जण खोकले. पुंजाराम बाजूच्या खुर्चीवर बसला. अर्पितानं चार शब्द सांगितले: हे शब्द लाजायचे नाहीत, जपायचे आहेत, तुमच्या जिभेवर आहेत ते कोशात नाहीत. टाळ्या पडल्या. मग रीतीप्रमाणं पाहुण्याच्या हातून काहीतरी सुटायला हवं म्हणून लाल कापडात बांधलेला गठ्ठा पुंजारामपुढं ठेवला. त्यानं गाठ सोडली. आणि अर्पितानं, तिला बिचारीला काय माहीत, तिच्या हातात अजून नुसत्या शब्दांची यादी आलेली, अदबीनं म्हटलं की पाहुण्यांनीच एखादा शब्द वाचून सुरुवात करावी.

सर अर्धे उठले. त्यांच्या खिशात निवडक दहा होते. पण पुंजारामचा हात गठ्ठ्यावर फिरायला लागला होता, आणि पुंजाराम हा धंद्यातला माणूस. नळीसुद्धा तो जाडी बघून उचलतो. सगळ्यात जाड कागद तोच मानाचा, असं समजून त्यानं पुरवणी जोडलेला तक्ता बाहेर काढला, चष्मा चढवला आणि सावकाश, प्रत्येक अक्षराला मान देत, माइकवर वाचला:

"शब्द, ढेरी. आम्ही खालील पंच लिहून देतो की, मौजे केदारखेडा येथे पूर्वी सर्वांना पोटच असे. श्री. पुंजाराम यांनी पांढरी गाडी घेतल्यापासून, दार उघडले असता प्रथम पोट खाली उतरते व थोड्या वेळाने श्री. पुंजाराम उतरतात, हे आम्ही समक्ष पाहिले. दोन वेगवेगळ्या वेळी उतरणाऱ्यांना एकच नाव पुरेना, सबब ढेरी हा शब्द काढण्यात आला. वाचून पाहिले, बरोबर आहे."

'श्री. पुंजाराम' हे त्यानं दोन्ही वेळा वाचलं. दुसऱ्या वेळी आवाज जरा उतरला. बायकांच्या बाजूला पदर तोंडात गेले होते. त्यानं न चुकता अकराही पंचांची नावं वाचली, वाचताना प्रत्येक नावाच्या माणसाकडं पाहिलं, आणि शेवटी अक्षर ओळखून सरांकडं पाहिलं.

चिडणाऱ्यातला पुंजाराम नव्हता. एकट्यानं तोटा सोसायची त्याला सवय नव्हती, एवढंच. त्यानं कागद बाजूला ठेवला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "साडभाऊ, काम झकास झालंय. सगळ्यांचं वाचून दाखवू. गावाला कळू द्या." आणि माइक हातातून न सोडता त्यानं पुढचा कागद उचलला.

ढुंगण आलं. पणजा, बैलगाडी, तीन महिने, सगळं आलं. कडूबा उभा राहिला. नरडं आलं. गोजरबाई उभ्या राहिल्या आणि खरं सांगायचं तर पंचनाम्यातल्या दाव्याला त्यांनी तिथल्या तिथं पुष्टी दिली. पलीकडच्या शिवारातली कुत्री भुंकली. थोबाड, जीभ, टिरी, फेंगडे पाय, एकामागून एक गठ्ठ्यातून निघत गेले आणि आपापल्या घरी पोचले. आपण काय सांगितलं ते ज्याला त्याला आठवत होतं. आपल्याबद्दल काय सांगितलं गेलं ते प्रत्येकाला नवीन होतं. पुढच्या वीस मिनिटांत माणसाच्या अंगाचा असा एकही भाग राहिला नाही की ज्याचं नाव त्या मांडवात कुणी कुणाला उद्देशून घेतलं नाही. अर्पिता आधी घाबरली. मग तिनं हळूच वही काढली. चार महिन्यांत सरांना न मिळालेले सतरा शब्द तिनं त्या वीस मिनिटांत टिपले, कोणी कोणाला आणि कशासाठी म्हटलं यासकट.

वरची आणि खालची आळी दमली तेव्हा कडूबानं एक साधा प्रश्न विचारला. आम्ही बोललो ते बोललो, पण हे लिहिलं कुणी.

सगळ्या माना मधल्या खुर्चीकडं वळल्या. ती खुर्ची सरांना लाभली होती ती या क्षणापर्यंत, आणि तीही बहुतेक वेळ अर्धे उठलेल्या अवस्थेत. सर म्हणाले, मी फक्त तुम्ही सांगितलं ते लिहिलं, दोन-दोन पंचांसमक्ष. ते खरं होतं आणि त्यामुळंच कुणाला आवडलं नाही. पुंजारामनं ढेरीच्या कागदावर नुसतं बोट टेकवून ठेवलं, तेव्हा सर खाली बसले.

गोजरबाईंनी हात वर करून गाव गप्प केलं. "जावई हाय," त्या म्हणाल्या. "अंगाला हात लावायचा न्हाई. पर रिकाम्या हातानं वाटंला लावायचं बी न्हाई."

द्यायचं काय, हे मात्र त्यांनाही सुचलेलं नव्हतं. ते मिळालं गठ्ठ्याच्या तळाशी. अर्पिता विखुरलेले कागद गोळा करत होती; तिला महेमूदभाईंचे तक्ते सापडले आणि ती उभ्याउभ्याच वाचायला लागली. हाड कोणतं, कुठून कुठपर्यंत, शब्द कोणाच्या तोंडचा. उगमाच्या रकान्यात एकतीस वेळा, 'माहीत नाही'. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला हवं होतं ते हेच. मग तो शेवटचा. "याला शब्दच नाही?" तिनं विचारलं.

महेमूदभाई सगळ्यात मागं, खांबाला टेकून उभे होते. त्यांचं घर दोन्ही आळ्यांच्या बाहेर, त्यांच्या वाट्याला ना मनगट आलं होतं ना टिरी. त्यांनी ती जागा समजावून सांगितली. आणि मग मांडवात जे झालं ते पाहण्यासारखं होतं. आधी कडूबानं वरून हात टाकून पाहिला. मग खालून. मग त्याच्या शेजारच्यानं. बघता बघता दोन्ही आळ्या, बायाबापे, पुंजाराम आणि त्याचा ड्रायव्हर, सगळे आपापल्या पाठीशी झोंबत होते आणि कुणाचाच हात पोचत नव्हता. चाळीस वर्षांत त्या दोन आळ्यांनी एकाच वेळी केलेलं हे पहिलं काम.

गोजरबाईंनी हात खाली घेतला. "म्हंजे खाजतं तर लई," त्या विचार करत म्हणाल्या, "पर स्वतःचा हात पोचत न्हाई. लोकाच्या दारात जाऊन खाजवून घ्यावं लागतंय." त्यांनी सरांकडं पाहिलं. मायेनंच पाहिलं म्हणायचं. "रामप्रसाद."

वरच्या आळीकडून आलेला शब्द, तेव्हा आता कडूबा काय म्हणतो इकडं सगळ्यांचं लक्ष. कडूबानं क्षणभर पाठ हलवून पाहिली, शब्द जागेवर बसतो का तपासल्यासारखी.

"बराबर," तो म्हणाला. "बिलकुल बराबर."

पंच क्रमांक एक कडूबा, सही. पंच क्रमांक दोन गोजरबाई, अंगठा. तक्ता रीतसर भरला, एकही रकाना कोरा राहिला नाही, आणि तो भरला स्वतः सरांनी, कारण मांडवात अक्षर त्यांचंच चांगलं होतं. मग पुंजारामनं सगळ्यांना जेवायला बसवलं. पहिलं ताट सरांना वाढलं. वाढताना तो कानाशी म्हणाला, "साडभाऊ, आता तुम्हीच थोरले."

पुस्तक उन्हाळ्याच्या तोंडावर आलं. मुखपृष्ठावर अर्पिताचं नाव. आत आभाराच्या यादीत पहिले महेमूदभाई, त्यांचे एकतीसही शब्द जसेच्या तसे. केदारखेड्याच्या बाकीच्या शब्दांपुढं 'उगम अज्ञात' छापलेलं. मनगटापुढंसुद्धा, ज्याचं गोजरबाईंना अजून वाईट वाटतं. सगळ्या पुस्तकात उगमाचा रकाना एकाच शब्दापुढं पूर्ण भरलेला. तारीख, गाव, पहिल्यांदा कोण म्हणालं, साक्षीला कोण. प्रस्तावनेत अर्पितानं लिहिलं होतं की शब्द जन्मताना हजर राहण्याचं भाग्य अभ्यासकाला क्वचितच मिळतं. सरांचं नाव मुखपृष्ठावर नव्हतं, पण आत ठळक अक्षरात होतं, 'पेकाट' आणि 'सांधा' यांच्यामध्ये.

आणि शब्द चालायला लागला. भोकरदनच्या बाजारात गेला, एसटीत बसला, बदनापूरच्या स्टेशनवर उतरला. एकदा सर तिथं बाकावर बसले होते. शेजारचा अनोळखी माणूस बायकोला म्हणत होता, जरा रामप्रसाद खाजव गं, घामानं जीव गेला. सरांना वळून सांगावंसं वाटलं की रामप्रसाद मी. सांगून काय मिळणार होतं, याचा हिशेब त्यांनी यावेळी आधी केला, आणि ते गाडीची वाट बघत राहिले.

खरी पंचाईत घरात झाली. मे महिन्यात दैवशालाबाईंच्या पाठीवर घामोळं उठलं, नेमकं त्याच जागी. आता त्या जागेला नाव होतं आणि ते नाव त्या घेऊ शकत नव्हत्या. लग्नात उखाण्यात एकदा आणि घास भरवताना एकदा, एवढंच त्यांनी ते आजवर उच्चारलेलं. एरवी 'अहो', 'ऐकलं का', फार झालं तर 'प्रितमचे पप्पा'. सगळा तालुका सकाळ-संध्याकाळ घेतो ते नाव त्यांना पाठीला आग लागली तरी घेता येईना. आठ दिवस त्या दाराच्या चौकटीला पाठ घासत राहिल्या. सरांनी दोनदा विचारलं, काय होतंय. काय होतंय ते सांगायला शब्द होता.

नवव्या दिवशी संध्याकाळी त्या ओसरीवर आल्या, सरांच्या खुर्चीपुढं पाट टाकला, आणि सरांकडं पाठ करून बसल्या. सरांना कळलं. तेव्हापासून रोज कळतं.

तेव्हा शेवटी असं झालं. ढेरी पुंजारामपाशीच राहिली आणि त्यानं ती जेवणासकट सोसली. नरडं आणि ढुंगण दोन्ही आळ्यांनी एकमेकांना माघारी दिली. खुर्ची त्याच दिवशी संध्याकाळी मंडपवाला टेम्पोत टाकून घेऊन गेला. गावाला एक शब्द नवा मिळाला. आणि त्याची भरपाई कोण करतंय म्हणाल, तर रामप्रसाद सर. दिवेलागणीच्या आधी, रोज अर्धा तास, दहा बोटांनी.